कोयासानला एक रात्र राहावं का? आईला घेऊन जातेय, सल्ला हवाय

रानवाट: नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला आई आणि मी ओसाकाला जातोय. आई ६६ची, सिंहगड अजून चढते पण उतरताना गुडघा बोलतो, आणि पक्की शाकाहारी. तिथून कोयासान, म्हणजे डोंगरावरचं बौद्ध देवळांचं गाव, सकाळी जाऊन संध्याकाळी परत केलं तर चालेल का? थोडं तरी डोंगरातून चालायचंय. जेवणाची जाम काळजी वाटतेय, तिथे म्हणे साध्या सूपमध्येपण मासा असतो.

चहाबाज: राहाच, प्लीज. तिथल्या ११७ देवळांपैकी ५०च्या आसपास देवळांत राहता येतं, त्याला शुकुबो म्हणतात. जेवण भिक्षूंचं, शोजिन र्‍योरी, म्हणजे मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणसुद्धा नाही, सूपला कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि शिताके मशरूम. तिळाचं गोमा-दोफू आईला नक्की आवडेल, खरवसासारखं थरथरतं. फक्त बुकिंग करतानाच शाकाहारी आहोत हे परत एकदा लिहा. जेवण सहाच्या सुमारास येतं, उशीर नको.

पायपीट: चालण्याबद्दल सांगतो. कुदोयामाहून निघणारी जुनी चोइशिमिची वाट २० किमीच्या वर, दर १०९ मीटरला दगडी खांब, सुंदर आहे पण आईंना घेऊन नको. त्यापेक्षा ओसाकाच्या नांबा स्टेशनहून ट्रेनने गोकुराकुबाशीला उतरा आणि केबल कार न घेता फुदोझाका वाटेने वर जा, अडीचेक किमी चढ आहे, सावकाश दीड तास धरा, थेट न्योनिन्दोला, म्हणजे बायकांसाठीच्या देवळाला पोचता. १८७२पर्यंत बायकांना कोयासानमध्ये प्रवेशच नव्हता, त्या इथेच थांबून हात जोडायच्या. आईंना तिथे जरा बसवा, मग पुढे जा. उतरताना मात्र केबल कार, गुडघा वाचेल. वरच्या केबल स्टेशनला बसनेच जा, तो रस्ता चालायला बंद आहे.

चहाबाज: आणि ओकुनोइन, म्हणजे तिथली जुनी दफनभूमी, पहाटे करा. इचिनोहाशी पुलापासून २ किमी, दोन्ही बाजूंना प्रचंड सुगी वृक्ष आणि दोन लाखांवर समाध्या, शेवाळाने हिरव्यागार. पाच थरांच्या दगडांवर अक्षरं कोरलेली दिसतील ती सिद्धम लिपीतली संस्कृत बीजाक्षरं, मी एका दगडापुढे उकिडवा बसून बोट फिरवून बघत होतो, अंगावर काटा आला. शेवटी कोबो दाइशी या भिक्षूंची समाधी. ८१६ साली ही जागा मिळवणारे तेच, आणि ते आत अजून ध्यानात आहेत अशी श्रद्धा आहे, आपल्या आळंदीसारखंच की. रोज सकाळी ६ला आणि साडेदहाला त्यांचं जेवण पेटीतून नेतात. ६चं गाठा. समाधीआधीच्या गोब्योबाशी पुलापलीकडे फोटो नाही.

रानवाट: आळंदीचं वाचून दाखवलं, आई म्हणाली राहायचंच! थंडी किती?

पायपीट: ८०० मीटर उंची आहे, रात्री कडाक्याची. देवळाच्या व्हरांड्यात लाकडी जमीन बर्फ होते, जाड मोजे दोन जोड घ्या. मोठ्या बॅगा ओसाकातच ठेवा. कॅश जवळ असू द्या.