अडकण्याइतकेच पाण्याचे आणि हवेचे भय
अरुंद गुहेत दगडात अडकणे हेच खरे भय, हा गुहांमधील धोक्यांवरील चर्चेत एका वाचकाने मांडलेला मुद्दा मला मान्य आहे. एकदा एका किल्ल्यावरील चिंचोळ्या भुयारात छाती अडकल्यावर मी घाबरून खोल श्वास घेतला, त्यामुळे छाती फुगून अधिकच घट्ट रुतलो आणि मागच्या मित्राने श्वास सोडायला लावून पाय धरून ओढले, तेव्हा कुठे सुटलो.

मात्र या चर्चेत पाणी आणि हवा यांचा विचार राहून गेला आहे. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुले आणि त्यांचे प्रशिक्षक आत गेले तेव्हा वाट मोकळी होती. पुढे पावसाचे पाणी चढून तीच वाट बंद झाली. आतील हवेतील प्राणवायू सुमारे १५ टक्क्यांपर्यंत उतरला (एरवी तो २१ टक्के असतो) आणि बचावकार्यात एका माजी नौदल पाणबुड्याचा मृत्यू झाला. तेथील पाणी उपसण्याच्या कामात आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनीही साहाय्य केले होते, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. म्हणून पावसाळ्यात भुयारात शिरणाऱ्यांनी त्याच्या रुंदीआधी आभाळाकडे पाहावे, असे मला वाटते.