शुभेच्छापत्रासाठी घरीच काढलेला कुटुंबाचा फोटो : आपले अनुभव लिहा

नमस्कार. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा गुरुवार उलटला की नाताळापर्यंत रोजच्या टपालात एखाददुसरे शुभेच्छापत्र असतेच, आणि त्यावर बहुधा पाठवणाऱ्या कुटुंबाचा फोटो असतो. आम्ही न्यू जर्सीत राहायला आलो त्या पहिल्या डिसेंबरात शेजाऱ्यांकडून आलेली सहा पत्रे मी इथल्या पद्धतीप्रमाणे दोरीला चिमट्यांनी टांगली आणि पुढच्या वर्षीपासून आपलेही पत्र पाठवायचे असे ठरवले. पत्रावर कुटुंबाचे चित्र असण्याची परंपरा तशी जुनी आहे. नाताळाचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र हेन्री कोल यांनी १८४३ साली लंडनमध्ये छापून घेतले, आणि त्यासाठी जॉन हॉर्सली यांनी काढलेल्या चित्रात मध्यभागी मेजाभोवती जमलेल्या एकाच घरातल्या तीन पिढ्या आहेत.

आमच्याही घरात त्या पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात तीन पिढ्या होत्या, कारण सासूबाई आणि मामंजी सहा महिन्यांसाठी आले होते. आम्ही सगळे स्टुडिओत गेलो. वेळ वीस मिनिटांची ठरलेली होती, बाहेर पुढचे कुटुंब थांबलेले होते, आणि घरी सतत काहीतरी सांगत असणारे मामंजी तिथे इतके अवघडून उभे राहिले की छापून आलेल्या पत्रात ते मला ओळखूच येईनात. तेव्हापासून गेली नऊ वर्षे आम्ही हा फोटो घरीच काढतो.

घरी काढताना पहिली चूक उजेडाची झाली. उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीजवळ जेवणाचे मेज आहे, तिथे सगळे बसलो आणि उजेड भरपूर असावा म्हणून मी छताचे दिवेही लावले. फोटोत प्रत्येकाचा खिडकीकडचा गाल निळसर आणि दिव्याकडचा पिवळा आला. दिव्यांचा पिवळा प्रकाश आणि आकाशाचा निळसर प्रकाश एकाच वेळी चेहऱ्यावर पडले, तर फोन दोन्ही एकदम सावरू शकत नाही. आता मी घरातला दिवा न् दिवा बंद करते आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला, म्हणजे ज्या गालांवर सावली पडते त्या बाजूला, पांढरी चादर खुर्च्यांवर पसरून ठेवते, म्हणजे खिडकीचा उजेड तिच्यावरून परत चेहऱ्यांवर येतो. एवढ्या एका बदलाने फोटो सुधारला.

आपल्यापैकी ज्यांनी दिवाळीसाठी, नाताळासाठी किंवा नव्या वर्षासाठी असा फोटो घरी काढला असेल त्यांनी सविस्तर लिहावे. खिडकी कोणती निवडली, वेळ कोणती साधली, लहान मुले आणि वडीलधारी माणसे कशी बसवली आणि छापताना काय बिघडले, हे सगळे वाचायला आवडेल.

वसई

आम्ही सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी. आमच्याकडे नाताळात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा आणि कागदी तारा बनवणे ही घरातल्या मुलांची कामे असतात, आणि माझी आजी वयाच्या ८१ व्या वर्षीही ताऱ्याचा कागद स्वतःच चिकटवते. आत्या कॅनडात असते. तिला पाठवण्याच्या पत्रावर आजीचा लाल लुगड्यातला फोटो हवा होता, कारण आत्याच्या मुलांनी ते लुगडे कधी नेसलेले पाहिलेले नव्हते.

दोन रविवार फुकट गेले. फोन समोर धरला की आजी हात मांडीवर ठेवून, मान ताठ करून, शाळेच्या जुन्या फोटोत बसवतात तशी बसायची. तिसऱ्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास पडवीत बांबूच्या काड्यांचा सांगाडा बांधून तयार होता, वाटीत खळ होती आणि आजी पतंगाचा पिवळा कागद काडीवर दुमडून अंगठ्याने दाबत होती. तिचा अंगठा खळीने पांढरा झाला होता आणि कागद फाटू नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटले होते. पडवीवर छप्पर असल्यामुळे ऊन थेट येत नव्हते, तरी समोरच्या अंगणातून भरपूर उजेड आत येत होता. मी धाकट्या भावाला आणि आईला तिच्या दोन्ही बाजूंना ताऱ्याची टोके धरायला बसवले, फोन तिपाईवर लावला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि स्वतः जाऊन चौथे टोक धरले. आजीने फोनकडे पाहिलेसुद्धा नाही. तोच फोटो पत्रावर गेला, आणि लुगड्याच्या लाल रंगाशेजारी तो पिवळा कागद इतका खुलला की मागे काही सजावट करण्याची गरजच उरली नाही.

माणसाला फोटोसाठी बसवण्यापेक्षा त्याच्या हाताला सणाचे खरे काम द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मेलबर्न

धागाकर्त्या ताईंनी उत्तरेच्या खिडकीबद्दल लिहिले आहे ते त्यांच्या गोलार्धात अगदी बरोबर आहे, कारण तिथे त्या खिडकीतून ऊन थेट येत नाही. आम्ही विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहतो, त्यामुळे आमच्या उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट आत येते आणि दिवसभर सारखा, मऊ उजेड हवा असेल तर दक्षिणेची खिडकी निवडावी लागते. भारतातून आणि अमेरिकेतून मिळालेला सल्ला जसाच्या तसा पाळून आम्ही पहिली दोन वर्षे डोळे मिचकावलेले फोटो काढले. इथे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि प्रत्येकाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. आता आम्ही संध्याकाळी साडेसातनंतर घरासमोरच्या ओसरीवर फोटो काढतो. डिसेंबरात सूर्यास्त साडेआठच्या पुढे असल्याने वेळही पुष्कळ मिळतो.

पुणे

आमचा फोटो दिवाळीचा आणि पणत्यांच्या उजेडातला. तो साधायला तीन दिवाळ्या लागल्या, म्हणून जरा लांबण लावते.

पहिल्या वर्षी पूर्ण अंधार पडल्यावर, पुढ्यात पणत्यांची रांग लावून सगळे जमिनीवर बसलो. उजेड खालून आला, हनुवटी आणि नाकपुड्या उजळल्या, डोळे काळोखात गेले, आणि घरातली हसरी माणसे भेसूर दिसू लागली. दुसऱ्या वर्षी पणत्या स्टुलांवर, छातीच्या उंचीला ठेवल्या, पण मागे आकाश काळेकुट्ट असल्याने आकाशकंदील म्हणजे नुसता पांढरा ठिपका झाला. तिसऱ्या वर्षी मी घड्याळ लावून बसले. सूर्य मावळल्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, तिन्हीसांजेला, आकाशात गडद निळा उजेड शिल्लक असतो आणि तो पणत्यांच्या उजेडाशी बरोबरी करतो. त्या वेळी गॅलरीत फोटो काढला तर चेहरे, ज्योती, कंदिलाच्या आतली नक्षी आणि मागचे आकाश असे सगळे एकत्र येते. ही वेळ जेमतेम दहा मिनिटे टिकते, त्यामुळे तेल, वाती, कपडे, तिपाई यांची सगळी तयारी आधीच झालेली असावी लागते.

कमी उजेडात फोन दोन-तीन सेकंद फोटो टिपत राहतो, आणि तेवढा वेळ चार वर्षांच्या मुलाने हलू नये ही अपेक्षा गैर आहे. माझ्या जावेने त्याला कानात सांगितले, की कंदिलाच्या किती झिरमिळ्या हलतात ते मनातल्या मनात मोज आणि फक्त मलाच सांग. तो वर पाहत स्तब्ध उभा राहिला. फोटोत त्याचा चेहरा सर्वांत स्पष्ट आहे. फोन हातात धरून मात्र असा फोटो काढू नये, श्वासानेही तो हलतो.

बंगळूर

थोडक्यात लिहितो. आम्ही सहा जण एका ओळीत उभे होतो आणि फोन पाच फुटांवर होता, त्यामुळे कडेच्या दोघांचे चेहरे ताणल्यासारखे रुंद आले. फोन दहा फुटांवर नेऊन दुप्पट भिंगाने (२x झूम) काढल्यावर सगळे आपापल्या मापाचे दिसले. ओळीऐवजी काही जण बसलेले आणि काही उभे असा घोळका केला तर फोटो अधिक जवळिकीचा वाटतो.

डॅलस

माझा अनुभव छपाईचा आहे आणि तो लिहिताना आजही वाईट वाटते. आईने उंबऱ्यासमोर दोन तास बसून ठिपक्यांची रांगोळी काढली होती. आम्ही तिच्यामागे पायऱ्यांवर बसलो आणि आडवा फोटो काढला. रांगोळी चौकटीच्या अगदी खालच्या कडेपर्यंत भरली होती. फोनच्या फोटोचे प्रमाण चारास तीन असते आणि इथल्या नेहमीच्या पत्राचे सातास पाच, म्हणजे आडवा फोटो बसवताना वरून किंवा खालून पट्टी कापली जाणारच. त्याखेरीज छापखाना कडेची सुमारे एक अष्टमांश इंच पट्टी कापण्यासाठी धरतो. पत्रे आली तेव्हा रांगोळीचा पुढचा पाकळ्यांचा भाग गेलेला होता. आईने एक पत्र हातात घेऊन कापलेल्या कडेवरून बोट फिरवले आणि ती एवढेच म्हणाली, की पुढच्या वर्षी लहान काढीन. त्यानंतर आम्ही चारही बाजूंना तळहाताएवढी मोकळी जागा सोडल्याशिवाय फोटो काढत नाही.

दुसरी अडचण देवनागरीची. ज्या छपाईसेवेकडे पत्र दिले होते तिच्या तयार नमुन्यात मी ‘हार्दिक शुभेच्छा’ असे टाइप केले. छापून आले तेव्हा रफार र-वरच पाय मोडून राहिला होता आणि ‘द’ची पहिली वेलांटी त्याच्या पुढे जाऊन पडली होती. इंग्रजी मजकूर पाहणाऱ्याला ही चूक दिसणेच शक्य नव्हते. आता मी मराठी मजकूर घरच्या संगणकावर फोटोवरच लिहून घेतो आणि अक्षरांसकट एकच चित्र करून पाठवतो, म्हणजे टंक मोडण्याचा प्रश्न येत नाही. सात बाय पाच इंचांच्या स्वच्छ छपाईसाठी ते चित्र किमान २१०० बाय १५०० पिक्सेलचे असावे. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखे पाठवले तर ते दाबून लहान होते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. अमेरिकेतून पाठवणाऱ्यांनी चौरस पत्र शक्यतो टाळावे, कारण चौरस पाकिटाला टपाल खाते जादा आकार लावते.

कोल्हापूर

गेल्या वर्षी श्रावणात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे हळूहळू परतले, पण तोंडाची उजवी कड उतरलेलीच राहिली. दर दिवाळीला आम्ही घरीच फोटो काढून त्याची पत्रे नातेवाइकांना पाठवतो. या वर्षी तो विषय काढावा की नाही, यावर आई आणि मी आठवडाभर कुजबुजत होतो. अखेर बाबांनीच विचारले, की फोटो कधी काढायचा. नंतर म्हणाले, “पण ही बाजू नको.”

त्यांची खुर्ची आम्ही खिडकीशी तिरकी लावली, म्हणजे उजेड त्यांच्या डाव्या गालावर पडेल आणि उजवी बाजू आईच्या खांद्याआड जाईल. मग आम्हा भावंडांना त्यांच्या डाव्या हाताकडे बसवले, की त्यांचे पाहणे आपोआप आमच्याकडे वळेल. फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे बराच खाली लावला, कारण उभ्या माणसाच्या उंचीवरून काढला तर खुर्चीतला माणूस दबलेला दिसतो. प्रत्येक फोटो त्यांना दाखवला. अकरा त्यांनी नाकारले. बाराव्याला त्यांनी चष्मा मागून घेतला, तो मोठा करून पाहिला आणि “हा द्या” म्हणाले. पत्रावर ‘स. न. वि. वि.’ ही अक्षरे त्यांनी डाव्या हाताने लिहिली. ती वाकडी आहेत म्हणून पुन्हा लिहू का, असे त्यांनी विचारले. आम्ही तीच छापली.

धागाकर्ती, न्यू जर्सी

कोल्हापूरच्या ताई, खुर्ची तिरकी लावण्याबद्दल आणि फोन खाली घेण्याबद्दल आपण जे लिहिले आहे ते मी वहीत उतरवून घेतले आहे. मामंजी आता ८४ वर्षांचे आहेत आणि या वर्षी तेही बसूनच असतील. एकीने चष्म्यावरच्या चकाकीबद्दल निरोपातून विचारले आहे, त्याचे उत्तर इथेच देते. खिडकी समोर न ठेवता बाजूला ठेवावी, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगावी आणि चष्म्याच्या काड्या कानांवर अगदी थोड्या उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात आणि खिडकीचे प्रतिबिंब डोळ्यांवरून निघून जाते.

डॅलसच्या दादांच्या आईंनी या वर्षी रांगोळी केवढी काढली, ते अवश्य कळवावे.