मांजराच्या पिल्लाला तिसरा डोस खरंच लागतो का?

मनीची_ताई: आमची पिल्लू आता साडेतीन महिन्यांची झालीये. थ्री इन वनचे (पॅनल्यूकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी या तीन व्हायरसांवरची एकत्र लस) दोन डोस झाले, 8व्या आणि 12व्या आठवड्यात, आता डॉक्टर म्हणतात 16 आठवडे झाले की अजून एक द्या आणि रेबीजचं पण उरकून घ्या. घरच्यांचं म्हणणं ती दाराबाहेर पाऊल टाकत नाही, कशाला सारखं टोचायचं? शिवाय मोठा बोका 6 वर्षांचा आहे, त्याची लस 2 वर्षांपूर्वी झालीये, त्याचं परत पहिल्यापासून करायचं का?

बोकोबा: तिसरा अजिबात चुकवू नका, खरं तर तोच महत्त्वाचा. आईच्या दुधातून आलेल्या अँटिबॉडीज पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लशीलाच मारून टाकतात, आणि त्या कधी संपतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, कुणाच्या 8 आठवड्यांत तर कुणाच्या 14-15 पर्यंत टिकतात. म्हणून दर 3-4 आठवड्यांनी देत देत शेवटचा 16 आठवड्यांला किंवा त्यानंतर. आधीचे दोन्ही वाया गेलेले असू शकतात, बाहेरून कळत नाही. मग पिल्लू 6 महिने ते 1 वर्षाची असताना एक बूस्टर.

माऊवेडी: +१. आणि घरातलीच आहे म्हणून निवांत राहू नका, पॅनल्यूकोपेनियाचा (मांजरांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) व्हायरस महा चिवट, चपलेला चिकटून घरात येतो आणि वर्षभरसुद्धा टिकतो, साध्या फिनाईलने जाईलच असं नाही. लहान पिल्लं त्यात दोन दिवसांत जातात हो. बाकी हर्पीस-कॅलिसीची सर्दी लस घेऊनही होऊ शकते, पण हलकी होते, तेव्हा नंतर शिंकली तर लशीला शिव्या नकोत :)

मनीची_ताई: बापरे, चपलेचं माहीतच नव्हतं. आणि बोक्याचं?

बोकोबा: लहानपणीचा कोर्स पूर्ण असेल तर पहिल्यापासून काही नाही. घरातच राहणाऱ्याला थ्री इन वन दर 3 वर्षांनी चालतं, बाहेर भटकणारा असेल तर सर्दीवाल्या भागासाठी दरवर्षी. रेबीज मात्र बाटलीवर लिहिलंय आणि तुमच्या भागातला कायदा सांगतो तसं, कार्ड काढून तारीख बघा.

माऊवेडी: टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. एखाद दिवस मलूल राहणं, कमी खाणं चालतं, पण तोंड सुजलं, सारख्या उलट्या किंवा धाप लागली तर लगेच परत. टोचलेल्या जागी गाठ आली आणि 3 महिन्यांनीही गेली नाही, 2 सेंमीपेक्षा मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच असेल तर दाखवायचीच.

मनीची_ताई: कार्ड सापडलं! बोक्याचं रेबीज गेल्या महिन्यातच द्यायचं होतं :( दोघांना एकाच पिंजऱ्यात नेते आता, भांडतील तर भांडू दे.

माऊवेडी: नको गं बाई, पिंजरे दोन!