अनुभव हवेत: कानात जाणारे आयईएम (इन-इअर मॉनिटर) की कान झाकणारे मोठे हेडफोन?

दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर काय पाहून ठरवावं, यावर वापरणाऱ्यांकडून नेमकं लिहून हवंय. मॉडेलची नावं नंतर, आधी जागा आणि काम: कुठे ऐकता, किती तास ऐकता, गाता का, रेकॉर्ड करता का. काय बिघडतं आणि का बिघडतं, तेही लिहा. आकडे असतील तर जरूर द्या. आलेली उत्तरं खाली विषयवार दिली आहेत.

रोजचा लोकल प्रवास

लोकलमध्ये ओपन-बॅक (कपाची मागची बाजू जाळीची असलेल्या) हेडफोनचा विचारही करू नका. जाळीतून बाहेरचं सगळं आत येतं आणि तुमचं गाणं शेजाऱ्याला ऐकू जातं. क्लोज्ड-बॅक (मागून बंद कपाचे) थोडं अडवतात, पण गर्दीत मानेवर ते धूड सांभाळणं आणि एप्रिल-मे मध्ये कानाभोवती साचणारा घाम, दोन्ही नको होतं. नीट बसलेलं आयईएम टोकाला लावायच्या साध्या रबरी टिपनेसुद्धा माणसांचे आवाज बरेच खाली आणतं, फोम टिपने आणखी.

गाडीचा खालचा घरघराट हा वेगळा प्रश्न. खालच्या पट्टीतला, एकसारखा चालणारा आवाज नॉइज कॅन्सलिंग (उलट ध्वनिलहर सोडून आवाज दाबणारी सोय) चांगला कापतं. बोलणं आणि हॉर्न मात्र त्याला तितके जमत नाहीत, ते टिपच अडवते. म्हणून नॉइज कॅन्सलिंग असलं तरी टिपचं माप चुकवून चालत नाही. आणि उतरताना, रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे करा. एक कान मोकळा ठेवला की आवाज कुठल्या बाजूने येतोय ते कळत नाही.

टिप बसवण्याबद्दल

“आयईएम घेतलं, बेसच नाही” या तक्रारीत बहुतेक वेळा दोष टिपचा असतो. कानाची पोकळी हवाबंद झाली नाही तर खालचे स्वर गळतात, मधले आणि वरचे तसेच राहतात, आणि आवाज पत्र्यासारखा लागतो. ड्रायव्हर (आत आवाज काढणारा भाग) कितीही महागडा असला तरी हे टळत नाही.

बसवायची रीत अशी. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. उजव्या हाताने आयईएम किंचित फिरवत आत न्या, मग पाळी सोडा. फोम टिप असेल तर आधी बोटांत वळून बारीक करा, आत घातल्यावर २०-३० सेकंद धरून ठेवा, फुगू द्या. केबल कानावरून मागे जाणारी असेल तर ती तशीच घाला, खाली लोंबती ठेवली की वजनाने टिप सुटते.

तपासायला डग्गा घ्या. एकट्या तबल्याच्या मुद्रणात डग्ग्याचा घुमार पोटातून आल्यासारखा भरीव यायला हवा. नुसती थाप ऐकू आली, मींड ऐकू आली नाही, तर हवा गळते आहे. जबडा उघडून-मिटून पाहा. उघडल्यावर बेस जात असेल तर एक माप मोठी टिप. दोन कानांना दोन वेगळी मापं लागणं अगदी नेहमीचं आहे, त्यात संकोच नको.

घालताना ‘कट्’ असा आवाज आला तर आत दाबलेली हवा ड्रायव्हरच्या पडद्याला वाकवते आहे. सावकाश घाला, पाळी ओढून घाला. फोम टिप रोजच्या वापरात दोन-तीन महिन्यांत कडक होते. दाबल्यावर हळूहळू फुगेनाशी झाली की बदला.

गाणाऱ्यांसाठी, घरी रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

वरचं सगळं ऐकण्यापुरतं बरोबर आहे. गाताना तीच हवाबंद पोकळी आड येते. आपला आवाज हाडांतून कानात पोचतो आणि कान बंद असल्यामुळे त्याचा खालचा भाग बाहेर पडू शकत नाही, घुमत राहतो. कान बोटाने बंद करून ‘ॐ’ म्हणा, लगेच समजेल. अशा घुमाऱ्यात सूर कुठे लागतोय याचा अंदाज बिघडतो, विशेषतः खर्जात. टिप खोल बसली तर घुमारा कमी होतो, पण सगळ्यांच्या कानाला ते सोसत नाही.

तानपुऱ्याच्या अॅपबरोबर नुसता रियाज असेल, तर शांत खोलीत ओपन-बॅक सगळ्यांत चांगले. स्वतःचा आवाज खोलीतून नैसर्गिक ऐकू येतो आणि जवारीही (तानपुऱ्याच्या तारांचा झणकार) उघडी राहते. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर, खर्जाची तार ६९ च्या आसपास. फोनच्या स्पीकरला ती पेलवत नाही, हेडफोनला पेलवते.

मायक्रोफोन सुरू झाला की ओपन-बॅक बाजूला ठेवा. त्यातून तानपुरा आणि क्लिक (लय धरायची टिकटिक) माइकमध्ये गळतात, आलापातल्या शांत जागी स्पष्ट ऐकू येतात, आणि नंतर काढता येत नाहीत. इथे क्लोज्ड-बॅक हवेत. सोनीचे एमडीआर-७५०६ किंवा बायरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो स्टुडिओत वर्षानुवर्षं दिसतात ते याचसाठी. गाणाऱ्याला एक कान उघडा लागतोच. मग फक्त अर्धा कप सरकवून थांबू नका, त्या बाजूचा आवाज मिक्समधून पूर्ण बंद करा, नाहीतर उघड्या कपातून तोच गळतो.

ब्लूटूथवर रेकॉर्डिंग नको. साध्या कोडेकवर (आवाज आकसून पाठवायची पद्धत) आवाज पोचायला दीड-दोनशे मिलीसेकंद सहज लागतात, आणि गाणाऱ्याला १०-१५ मिलीसेकंदांच्या पुढचा उशीर जाणवायला लागतो. तार हवीच.

स्टेजवरचा ध्वनी सांभाळताना

स्टेजवर आयईएमचा फायदा मोठा: मॉनिटर स्पीकर (कलाकाराला स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेले) जातात, त्यांचा आवाज माइकमध्ये परत शिरून होणारी शिट्टी जाते. पण कलाकाराला प्रेक्षक ऐकू येईनासे होतात आणि तो एक कान काढतो. तिथून नुकसान सुरू होतं. उरलेल्या एका कानात तेवढंच ऐकू यावं म्हणून तो आवाज वाढवून मागतो. उपाय सोपा आहे: स्टेजच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन माइक लावा आणि ते फक्त मॉनिटर मिक्समध्ये (कलाकाराच्या कानात जाणाऱ्या मिश्रणात) हलके सोडा. आणि कलाकाराच्या कमरेच्या पॅकमधला लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) चालू आहे ना, ते साउंडचेकच्या आधी पाहा. पडलेल्या माइकचा धक्का थेट कानाच्या पडद्यावर येतो.

फोनला कुठलं झेपतं

हिशेब करून पाहा, मतांची गरज पडत नाही. सेन्हायझरचे एचडी ६०० (१९९७ पासूनचं मॉडेल) ३०० ओहम इम्पीडन्सचे (वीजप्रवाहाला होणारा अडथळा), संवेदनशीलता १ मिलीवॉटला साधारण ९७ डेसिबल. ठेक्याची टोकं (क्षणभर चढणारा आवाज) ११० डेसिबलपर्यंत निर्मळ पोचायची तर २० मिलीवॉट लागतात, म्हणजे जवळजवळ अडीच व्होल्ट. अॅपलचं टाइप-सी डोंगल (फोनला हेडफोनचा जॅक देणारा छोटा जोड) साधारण १ व्होल्ट देतं, तिथे टोक १०२ च्या आसपास थांबतं. शांत खोलीत भागतं, पण हळू आवाजात मुद्रित केलेल्या जुन्या मैफिलींना कमी पडतं. तेच डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाज आणखी दबका देतं, कारण फोन त्याचा आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही.

३२ ओहम आणि १०८ डेसिबलच्या आयईएमला याच ११० साठी पाव व्होल्टही लागत नाही. म्हणून कुणी मोठ्या हेडफोनचं बजेट मांडत असेल तर त्यात अँपचे (आवाजाला ताकद देणाऱ्या अँप्लिफायरचे) पैसे धरा, आयईएमच्या बजेटमध्ये धरू नका. उलट, ताकदवान अँपवर संवेदनशील आयईएम लावलं की ‘सूं’ ऐकू येते आणि व्हॉल्यूमचा खटका पहिल्या दोन रेघांतच संपतो. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (एक प्रकारचे छोटे ड्रायव्हर) असलेलं आयईएम जास्त आउटपुट इम्पीडन्सच्या जॅकवर लावलं तर त्याचा स्वभावच बदलतो. जॅकचा इम्पीडन्स आयईएमच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी हवा.

चष्मा असलेल्यांना

जाड काडी क्लोज्ड-बॅकच्या पॅडला फट पाडते, बेस गळतो, तासाभरात कानामागे दुखतं. बारीक धातूची काडी किंवा मऊ वेलूर (मखमली कापडाचं) पॅड. जमत नसेल तर आयईएम.

पावसाळा, दुरुस्ती

मुंबई-कोकणच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याचे पॅड सोलपटतात, काळे तुकडे कानाला चिकटतात. वेलूर टिकतं, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतं, मात्र पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. डीटी ७७० चं पॅड बदलताना कड खोबणीत एका जागी अडकवा आणि गोल फिरवत पुढे न्या, ओढाल तर शिवण उसवते. पॅड चपटं झालं की ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि आवाज बदलतो, म्हणून नवे हेडफोन घेण्याआधी नवे पॅड लावून पाहा.

आयईएमची एक बाजू हळू वाजायला लागली तर आधी जाळी बघा, बहुतेक मळ असतो. तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, टाचणी घालू नका, मळ आत ढकलला जातो. रात्री सिलिका जेलच्या पुडीसह डबीत ठेवा. ०.७८ मिमीच्या टू-पिन (दोन पिनांच्या, काढता येणाऱ्या) केबलची एक बाजू उलटी लागली तर बेस जातो आणि गायक डोक्याच्या मध्यभागी न राहता पसरतो. ती बाजू काढून फिरवून लावा. एमएमसीएक्स (केबलचा दाबून बसणारा गोल जोड) सरळ ओढून काढावं, वाकवून काढलं की ते सैल होतं आणि मग खरखर कायमची.

कानाच्या बाजूने

कानाच्या पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल किंवा नळीला खाज-सूज असेल तर आयईएम नको, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवेपर्यंत मोठे हेडफोन वापरा. मळ लवकर साचणाऱ्यांनीही रोज तासन्‌तास टिप आत ठेवू नये, मळ बाहेर यायचा रस्ता अडतो.

आवाजाची मर्यादा दोन्हींना सारखीच: जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत प्रौढांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, मुलांना ७५. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८० ला ४० तास, ८३ ला २०, ८६ ला १०. घरी, पंखा बंद करून, आरामात ऐकू येईल एवढा व्हॉल्यूम लावा आणि ती रेघ लक्षात ठेवा. बाहेर पडल्यावर ती चार-पाच खटके वर न्यावी लागत असेल, तर टिप बसलेली नाही.