फिलिपिनो मारधाडपटातले नगराध्यक्ष खरंच असे असतात का?

रात्रपाळी:
यूट्यूबवर लागोपाठ दोन-तीन जुने फिलिपिनो मारधाडपट बघितले. सगळीकडे तेच. गाव एवढंसं, घराणी दोन, आज्यापासूनचं वैर. नगराध्यक्षाच्या पदरी बंदूकवाले, आणि फौजदार त्याच्या अंगणात उभा राहून हुकूम घेतोय. हाणामारी झकास, पण हे पटेना. इतकं उघड चालतं, की नुसता मसाला?

चहाटळ:
तिकडे हिरो आणि पुढारी वेगळे कुठे असतात? जोसेफ एस्ट्राडा पडद्यावर गरिबांचा कैवारी, मनिलाजवळच्या सान हुआनचा नगराध्यक्ष, पुढे 1998 ला राष्ट्राध्यक्ष. 2001 मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून खुर्ची गेली, तो भाग वेगळा.

बोटवाला_रत्नागिरी:
मी बोटीवर असतो, आमच्या क्रूत निम्मे फिलिपिनो. जेवणं झाली की मेसरूममध्ये एक तर कॅराओके, नाहीतर 'आंग प्रोबिन्सियानो'. ही मालिका 2015 ते 2022 चालली, हार्ड डिस्क काही सरत नाही. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिलिपिन्सच्या मासबाते बेटावरचा. पडद्यावर मेयर आला की अडोबो-भात चिवडत आधीच सांगणार, "हा आता बायकोला उभं करतो." आणि करायचाच!

यातलं बरंचसं कायद्यात बसतं, हीच तर खरी गोम. मेयरची मुदत 3 वर्षं, लागोपाठ 3 वेळाच निवडून येता येतं. मग साहेब एक खेप व्हाइस मेयर, खुर्चीत बायको नाहीतर पोरगा, आणि पुढच्या खेपेला परत अदलाबदल. 1987 च्या राज्यघटनेत राजकीय घराण्यांना मनाई आहे, पण "कायद्याने ठरवल्याप्रमाणे" अशी पाचर मारून. तो कायदा वर्षानुवर्षं रखडला. करणार कोण? संसदेत बसलेत तेही त्याच घराण्यांतले.

फौजदाराचं म्हणाल, तर प्रांताचा पोलीस अधिकारी 5 नावं पाठवतो, त्यातला गावचा पोलीसप्रमुख मेयर निवडतो. मग तो अंगणात नाही तर कुठे उभा राहणार?

रात्रपाळी:
आणि घराण्यांचं वैर?

बोटवाला_रत्नागिरी:
दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावर त्याला 'रिदो' म्हणतात. तिथल्याच मागिंदानाओ प्रांताची 23 नोव्हेंबर 2009 ची गोष्ट वाचा. मांगुदादातू घराण्यातल्या एकाला गव्हर्नरपदासाठी उभं राहायचं होतं, समोर आम्पातुआन घराणं. बाईमाणसावर आणि पत्रकारांवर कोणी हात टाकणार नाही, म्हणून त्याने अर्ज भरायला बायको, बहिणी आणि पत्रकारांचा ताफा पाठवला. वाटेत अडवून 58 जणांना मारलं, त्यात 32 माध्यमांतले. पुरायला सरकारी जेसीबी. निकाल लागला डिसेंबर 2019 मध्ये.

बोसन हा विषय निघाला की उठून डेकवर जायचा. मी पुढे कधी विचारलं नाही.

बघायचाच तर एरिक माटीचा 'ऑन द जॉब: द मिसिंग 8' बघा, 2021 चा. रेडिओवरून मेयरची तळी उचलणारा एक पत्रकार, आणि एक दिवस त्याचेच सहकारी गायब. त्या पत्रकाराच्या भूमिकेतल्या जॉन आर्सिलाला यासाठी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. लांबी 208 मिनिटं, आधीच सांगतो.

चहाटळ:
208? घरी परवानगी काढावी लागेल.

बोटवाला_रत्नागिरी:
याच्या आधीचा 'ऑन द जॉब' सिनेमा आणि हा मिळून 6 भागांची मालिकाही आहे. रोज एक बघा.