परसबागेतील मेथी आणि घेवडा सशांपासून कसा वाचवावा?

प्रश्न : परसदारची_मेथी

न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचे घर आहे. मागच्या अंगणात १० इंच उंचीच्या लाकडी चौकटींचे, ४ बाय ८ फुटांचे दोन वाफे करून मे महिन्याच्या मध्यानंतर मी मेथी, पालक, बीट आणि घेवडा पेरला. घेवड्याला खरी पाने फुटू लागली आणि एका रात्रीत दोन ओळी बुंध्यापासून नाहीशा झाल्या. मेथीचे तर नुसते देठ उरले. शेजारच्या टोमॅटोला आणि कांद्याला मात्र कोणी तोंड लावलेले नाही. संध्याकाळी हिरवळीवर दोन ससे बसलेले दिसतात, म्हणून संशय त्यांच्यावर आहे. तिखट भुरभुरून पाहिले, कडेने झेंडू लावला, शेवटी दोन इंच भोकांची प्लॅस्टिकची जाळीही गुंडाळली, पण नुकसान थांबले नाही. सापळ्यात पकडून ससे दूरच्या उद्यानात सोडावेत, असे शेजारी म्हणतात. ते योग्य आहे का? भाजी घरात खायची असल्यामुळे विषारी औषध मला नको आहे.

उत्तर १ : वाफेवाला_इलिनॉय

ताई, कुंपणावर खर्च करण्यापूर्वी चोर कोण आहे याची खात्री करून घ्यावी. सशाने खाल्लेला देठ चाकूने तिरका कापल्यासारखा स्वच्छ दिसतो. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे ते पाला ओरबाडते आणि देठाची कड फाटलेली राहते. जवळपास वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या असतील तर शंका उरत नाही. भरदिवसा नुकसान होत असेल आणि डेकखाली मातीचा ढीग असलेले मोठे बीळ दिसत असेल, तर तो ग्राउंडहॉग, म्हणजे बिळात राहणारा, खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी, असू शकतो. तो कुंपणावर चढतो आणि खालून उकरतोही, त्यामुळे पुढे सांगितलेला उपाय त्याला पुरणार नाही.

ससाच असेल तर तुमच्या जाळीची भोके मोठी आहेत, कारण दोन इंचांच्या भोकातून पिल्लू सहज आत शिरते आणि प्लॅस्टिक तर मोठा ससाही कुरतडतो. खुराड्याला लावतात ती एक इंच भोकांची तारेची जाळी, म्हणजे चिकन वायर, घ्यावी. जमिनीवरच्या बागेला ती किमान दोन फूट उंच लावून खालची सहा इंच बाहेरच्या बाजूला दुमडून मातीखाली दाबावी लागते. तुमच्याकडे चौकटी असल्यामुळे हा खणण्याचा त्रास वाचेल. दोन फूट रुंदीच्या जाळीचा खालचा तीन इंच भाग चौकटीवर बाहेरून स्टेपल करावा आणि उरलेला भाग कोपऱ्यांतल्या खुंटांना ताणून बांधावा. जाळी आतून ठोकू नये, नाहीतर लाकडाची कड सशाला पाय ठेवायला आयती मिळते. एका वाफ्याचा घेर २४ फूट, दोन्हींचा मिळून ४८, म्हणजे ५० फुटांच्या एका गुंडाळीत काम जेमतेम भागते. मी पहिल्या वर्षी चारही बाजू पक्क्या ठोकल्या आणि मग भाजी खुडण्यासाठी रोज कुंपणावरून ओणवा होत राहिलो; तेव्हा एक लांब बाजू हुकांवर अडकवून उघडता येईल अशीच ठेवा.

उत्तर २ : सातारची_माती

तिखटाबद्दल थोडे लिहितो. वासाचे आणि चवीचे उपाय पहिल्या पावसापर्यंतच टिकतात, शिवाय फुटणाऱ्या नव्या पानावर ते नसतातच, आणि सशाला आवडते ते नेमके तेच पान. अंड्यांपासून केलेली दुर्गंधीयुक्त फवारणी काही काळ उपयोगी पडते. मात्र खाण्याच्या पिकावर ती चालते असे वेष्टनावर लिहिलेले असेल तरच वापरावी. झेंडूवर भिस्त ठेवू नये. माझ्या मुलीच्या ओहायोतील बागेत सशांनी आधी झेंडूचीच रोपे संपवली.

सापळ्याचा विचार मात्र सोडून द्यावा. परवान्याशिवाय वन्यप्राणी पकडून दुसरीकडे सोडणे तिकडे अनेक राज्यांत बेकायदेशीर आहे, आणि तिकडच्या अंगणांत दिसणाऱ्या कॉटनटेल जातीच्या सशाची मादी साधारण महिन्याभराच्या गर्भारपणानंतर वर्षात अनेकदा विते, त्यामुळे रिकामी झालेली जागा फार दिवस रिकामी राहत नाही. रटगर्स विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेचे कार्यालय न्यू जर्सीच्या प्रत्येक काउंटीत आहे, तेथे नियम विचारता येतील. (आपल्याकडच्या माळरानावरच्या सशालाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तसा तो तुमच्या सशाहून वेगळा प्राणी. त्याची पिल्ले डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊनच जन्मतात. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो.)

परसदारची_मेथी

देठ तिरके कापलेले आहेत आणि लेंड्याही सापडल्या. काल जाळी लावताना मात्र नवीच अडचण उभी राहिली : दुसऱ्या वाफ्यात, बीटाच्या पानांआड, गवत आणि केस अंथरलेल्या उथळ खळग्यात चार उघडीबोडकी पिल्ले आहेत. आई कुठेच दिसत नाही.

उत्तर ३ : वाफेवाला_इलिनॉय

ती पिल्ले पोरकी नाहीत. हे ससे खोल बीळ करत नाहीत, असल्या खळग्यातच पिल्ले ठेवतात, आणि शत्रूला सुगावा लागू नये म्हणून आई केवळ पहाटे व तिन्हीसांजेला दूध पाजायला येते. खात्री हवी असेल तर खळग्यावर दोरे आडवे-उभे ठेवा आणि सकाळी ते हललेत का पाहा. पिल्ले साधारण तीन आठवड्यांत घरटे सोडतात. तोवर त्या वाफ्याला जाळी लावू नका, कारण आई बाहेर अडकली तर पिल्ले उपाशी मरतील. पहिला वाफा मात्र आजच बंद करून त्यात घेवडा पुन्हा पेरा. बुटका घेवडा दोन महिन्यांच्या आत शेंगांवर येतो. दुसरा वाफा मोकळा झाल्यावर, जाळी ठोकण्यापूर्वी आत कोणी राहिले नाही ना, हे पाने बाजूला सारून पाहा. मेथीची घाई करू नका. ऑगस्टअखेर ऊन उतरल्यावर ती तिथे अधिक चांगली येते.