मदत हवी आहे: डॅशंडच्या डोळ्यावर निळसर धुकं

मंडळी, आमची कुत्री चिंगी, डॅशंड जातीची, वय ११. दोन महिन्यांपूर्वी उजवा डोळा निळसर दिसायला लागला. आम्ही मोतीबिंदूच धरून चाललो होतो. पण डॉक्टर म्हणाले, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) सुजलाय. आतल्या थरातल्या पेशी झिजल्यात, त्या परत येत नाहीत, म्हणून पाणी मुरतंय. ५ टक्के सोडियम क्लोराइडचे थेंब दिलेत, दिवसातून चारदा. झोंबतात बहुतेक, बाटली दिसली की बाई दिवाणाखाली! थेंबांनी धुकं जाणार नाही, फोड येऊन जखम होऊ नये इतकंच, हे कळलंय. पण परवापासून ती डोळा मिचकावतेय. उद्या फ्लुरेसीन (जखम असेल तर दाखवणारा रंग) टाकून तपासणार आहेत. कुणाच्या कुत्र्याला कंजंक्टिव्हाचा (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणाचा) पातळ पापुद्रा कॉर्नियावर बसवायची शस्त्रक्रिया केलीय का? या वयात भूल झेपली का? नंतर कितपत दिसतं?